डोळे मिटा म्हणणारे गृहस्थ

मस्कतमध्ये ज्या दवाखान्यात मी समुपदेशक म्हणून बसते, तिथे माझ्या एका बाजूला दातांचे डॉक्टर आहेत आणि दुसऱ्या बाजूला त्वचारोगतज्ज्ञ. यापेक्षा सोयीची जागा मला शोधूनही मिळाली नसती. माझ्याकडे येणारा जवळजवळ प्रत्येक मराठी माणूस घरी दात दाखवायला जातो म्हणून सांगून निघतो. एका बाईंची ही दातांची तक्रार इतके महिने चालली, की त्यांच्या सासूबाईंनी काळजीने पुण्याहून लवंगतेल पाठवून दिलं.

आमच्या पेशाचा एक नियम आहे. आपल्याकडे येणारी व्यक्ती बाहेर भेटली, तर आपण होऊन ओळख दाखवायची नाही. मवालेहच्या भाजीबाजारात शनिवारी सकाळी हा नियम पाळणं म्हणजे कसरत असते. तिथे अर्धं मस्कत येतं. मी भेंडी निवडत असते आणि समोर आलेले गृहस्थ एकदम कलिंगडं न्याहाळू लागतात. मीही मान वळवते. परिणामी ज्यांचा माझ्याशी काहीच संबंध नाही, त्यांच्यात मी शिष्ट म्हणून प्रसिद्ध आहे.

त्या वर्षी मी दर शुक्रवारी सकाळी एका ध्यानवर्गाला जात असे. एका कुटुंबाच्या दिवाणखान्यात चाळीसेक माणसं जमायची. वर्ग घेणारे गृहस्थ पन्नाशीचे होते. मूळचे ठाण्याचे, इथे एका बांधकाम कंपनीत मोठ्या हुद्द्यावरचे इंजिनिअर. आवाज असा, की ‘डोळे मिटा’ म्हटल्यावर मिटलेच पाहिजेत. शेवटी ते पाच मिनिटं बोलत, आणि त्यात एक मुद्दा ठरलेला असे. हल्ली जो तो टेन्शन आलं म्हणून गोळ्या घेतो, तज्ज्ञांकडे जातो. ज्याची आध्यात्मिक बैठक पक्की, त्याला यातलं काही लागत नाही. हे म्हणताना ते माझ्याकडे बघून प्रसन्न हसत.

हेच गृहस्थ एका मंगळवारी दुपारी माझ्या दारात उभे राहिले. उजवा हात गालावर होता. खुर्चीत बसले, मी दार लावलं, तरी हात गालावरच. दातांचे डॉक्टर शेजारी आहेत, असं मी सांगणार होते, तेवढ्यात ते म्हणाले, “मॅडम, मला डोळे मिटता येत नाहीत.”

हळूहळू कळलं ते असं. आदल्या वर्षी कंपनीने त्यांना दूर वाळवंटापलीकडे, दुक्म बंदराच्या प्रकल्पावर पाठवलं होतं. तिथून एकटे परतताना वाळूचं वादळ आलं आणि तीन तास ते गाडीत अडकून पडले. काचेबाहेर काही दिसेना, फोन लागेना. खरचटलंसुद्धा नाही. पण तेव्हापासून जागेपणी डोळे मिटले, की छाती आवळून येई, श्वास अडे, आता आपण मरणार असं वाटे. त्यामुळे शुक्रवारी ते सगळ्यांना डोळे मिटायला सांगत आणि स्वतः उघडे ठेवून छतावरचे दिवे मोजत. वर्षभर असं चाललं होतं. या काळात त्यांना आणखी एक गोष्ट कळली होती, ती त्यांनी फार दुःखाने सांगितली. निम्मे लोक मोबाइल बघत असतात.

त्या आठवड्यापासून मी ध्यानवर्गाला जाणं बंद केलं. ज्यांचे उपचार आपण करतो, त्यांचं शिष्यत्व पत्करता येत नाही. कारण कुणाला सांगता येणार नव्हतं. चार पुस्तकं शिकून देवाधर्माचं वावडं झालं, असं माझ्याबद्दल बोललं गेलं.

ते मात्र दर मंगळवारी नेमाने येत. श्वास कसा सोडायचा, भीतीची लाट आली तर ती ओसरू कशी द्यायची, याचा सराव करत. दोन महिन्यांत दहा सेकंद डोळे मिटू लागले.

मग मराठी मंडळाने ‘समुपदेशन आणि नीतिमूल्ये’ या विषयावर माझं भाषण ठेवलं. अध्यक्षस्थानी अर्थातच हेच गृहस्थ. गोपनीयतेवर मी अर्धा तास बोलले. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि पहिला प्रश्न आला, की आपल्यातले कोणी येतात का तुमच्याकडे. मी म्हटलं, ते सांगता येत नाही. त्यावर दुसऱ्या रांगेतल्या बाईंनी समजूतदारपणे सुचवलं, “नावं नकोत हो. नुसती बिल्डिंग सांगा.”

समारोपाला अध्यक्ष उठले. माझ्या कार्याचं तोंडभरून कौतुक केलं आणि म्हणाले, की आपल्या समाजाला सुदैवाने याची गरज पडत नाही, कारण आपल्याकडे संस्कार आहेत, ध्यान आहे. सगळ्यात जोरात टाळ्या त्या वाक्याला पडल्या. मी हातात गुच्छ घेऊन हसत उभी होते. तोंडातून अवाक्षर काढलं नाही, आणि घरी जाताना मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

मंगळवारी ते आले. खुर्चीत टेकतात न टेकतात तोच मी म्हणाले, “काय सर, आज गरज पडली वाटतं?”

त्यांनी वेळ संपेपर्यंत हवापाण्याच्या गप्पा मारल्या आणि नमस्कार करून गेले. पुढच्या मंगळवारी आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही.

पुण्यात याच पेशातल्या माझ्या एक ज्येष्ठ मार्गदर्शक बाई आहेत, अडलं की मी त्यांना नाव-गाव वगळून विचारते. त्यांना मी सगळं सांगितलं, त्यात माझा सभेतला संयम जरा रंगवूनच सांगितला. त्या शांतपणे म्हणाल्या, “सभेत तू गप्प बसलीस, कारण तिथे लोक बघत होते. जिथे कोणी बघत नव्हतं, तिथे त्याला मारलंस.”

नीतिमूल्यांवर भाषण देऊन आठवडाही झाला नव्हता, तोच मी हे केलं होतं. त्या खोलीवर त्या माणसाने विश्वास टाकला होता, आणि मी तिथे हिशेब चुकता केला होता. मी त्यांना निरोप पाठवला, की त्या दिवशी मी बोलले ते चूक होतं, माफी मागायची आहे, यायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

ते दहा दिवसांनी आले. मी माफी मागितली. ते म्हणाले, की टोमणा लागला तो खरा होता म्हणून. पण तो बाहेर कोणी मारला असता तर चाललं असतं, इथे नको होता. मी मान हलवली. मग आम्ही कामाला लागलो.

महिन्याभराने त्यांनी एक गोष्ट मला न विचारताच केली आणि मग येऊन सांगितली. त्या शुक्रवारी वर्गात ते म्हणाले होते, “मला डोळे मिटण्याचा त्रास आहे. मी उपचार घेतोय. ज्यांना मिटायचे नसतील त्यांनी उघडे ठेवावेत.” दोघांनी वर्ग सोडला, आजारी माणूस काय ध्यान शिकवणार, असं त्यांचं म्हणणं. एका काकांनी ही साधनेतली वरची पायरी असल्याचं जाहीर केलं. उरलेल्यांनी एकेकट्याने गाठून त्यांना डॉक्टर कोण ते विचारलं, आणि त्यांनी सरळ माझं नाव सांगितलं. समुपदेशकाची गोपनीयता कोणी पाळायची, याबद्दल आमची नियमावली काही बोलत नाही.

हे सांगून ते गेले, त्याच संध्याकाळी एका बाईंचा फोन आला. बिल्डिंग विचारणाऱ्याच त्या, आवाजावरून कळलं. त्या म्हणाल्या की त्यांना स्वतःला काहीही झालेलं नाही, घरात सगळं उत्तम आहे, सहज चौकशी करत होत्या. अखेर त्यांनी विचारलं, की बुधवारी जागा आहे का, आणि एक तास पुरतो का.

मी म्हटलं, पुरत नाही, पण सुरुवात होते.