माझी विहीर, तिची वही

माझी थोरली जाऊ रोझलीन हिच्याबद्दल वाईट बोलणारं माणूस आमच्या आळीत सापडायचं नाही. म्हणून ते काम मलाच करावं लागतं.

वसईच्या पश्चिमेला आमची दोन घरं शेजारी-शेजारी, मध्ये केळीची एक रांग. सासऱ्यांनी वाटणी करताना दोन्ही मुलांना एकेक विहीर दिली. तेव्हा दोन्हींचं पाणी गोड होतं. पुढे समुद्राचं खारं पाणी जमिनीखालून सरकत आलं म्हणतात, ते बरोबर माझ्या विहिरीत येऊन थांबलं. तिच्या विहिरीला धक्का नाही. आमच्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी बँड लावून विहिरीचं पाणी आणतात. माझ्या केल्विनच्या, माझ्या पोटच्या मुलाच्या लग्नात ती मिरवणूक माझी विहीर ओलांडून पुढे गेली आणि रोझलीनच्या विहिरीवर थांबली. मी सगळ्यांत पुढे नाचले. आतून मात्र जळत होते.

बाई आहे तरी कशी? अठ्ठावन्न वर्षांची, सातवी शिकलेली, अंगावर गाऊन आणि खांद्यावर टॉवेल. पहाटे मोगरा खुडते, बाजारात पाठवते, दिवसभरात मोजून दहा वाक्यं बोलते. कमी बोलणाऱ्या माणसाला लोक उगाच शहाणं समजतात.

गेल्या वर्षी मुंबईच्या एका कॉलेजातून ऋतिका नावाची संशोधक मुलगी आली. खारं पाणी कुठवर आलंय याचा तिला नकाशा करायचा होता, आणि विहिरी मोजायच्या होत्या आम्ही. चर्चच्या हॉलमध्ये तिने घरटी एक पेनाएवढं यंत्र दिलं. दर रविवारी ते विहिरीच्या पाण्यात बुडवायचं आणि त्यावर येणारा खारटपणाचा आकडा तिला व्हॉट्सॲपवर पाठवायचा. हजाराच्या आत असेल तर नकाशावर विहीर हिरवी, वर गेला तर लाल.

"आता तुम्हीच शास्त्रज्ञ," असं म्हणून तिने आम्हाला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं.

पहिल्या रविवारी माझा आकडा आला दोन हजार शंभर. रोझलीनचा चारशे वीस. तो नकाशा हॉलच्या दारावर लागणार, मिस्सेच्या प्रार्थनेला येणारा प्रत्येक जण बघणार, तिची हिरवी आणि शेजारी माझी लाल! मला ते सहन होईना. स्वयंपाकाचं पाणी मी तिच्याच विहिरीवरून भरायचे. त्या हंड्यात यंत्र बुडवलं आणि चारशे वीस पाठवून दिले. मग दर रविवारी तसंच. वीस आठवडे माझी विहीर नकाशावर हिरवीगार होती, आणि मागे वाडीत माझ्या केळीची पानं कडेने करपत होती.

एप्रिलमध्ये ऋतिकाने हॉलमध्ये सभा घेतली. पावसाळ्याआधी लाल विहिरींशेजारी खड्डे खणायचे, छपरावरचं पावसाचं पाणी गाळून त्यांतून जमिनीत मुरवायचं, म्हणजे खारटपणा उतरेल. सात विहिरी निवडल्या होत्या. हिरव्यांना अर्थातच काही नव्हतं. आणि नकाशावर माझी विहीर हिरवी. त्या केळीवर आमचं घर चालतं, आणि आणखी दोन वर्षं हेच पाणी प्यायली तर वाडी संपली. पण उठून सांगू काय? की मी विहीर सोडून हंडा मोजला?

तेवढ्यात ऋतिकाच मला म्हणाली, "ॲंजेला आंटी, एक कळत नाहीये. तुमचे आणि रोझलीन आंटींचे आकडे जवळजवळ सारखे कसे? वर-खाली होतात तेही एकत्रच."

रोझलीन उठली.

"तिजी विहीर खारी हाय," ती म्हणाली. "मी मापलीय."

पिशवीतून तिने नातीची जुनी वही काढली. मी रविवारी पहिल्या मिस्सेला जाते, ती दुसरीला. मी चर्चमध्ये असताना ही बाई माझ्या विहिरीवर येऊन यंत्र बुडवत होती! वीस रविवार, तारखेसकट, गोल मोठ्या अक्षरांत. एकही चुकवला नव्हता.

"आंटी, आधी का नाही सांगितलं?" ऋतिकाने विचारलं.

"तिजं तिनं सांगावं म्हनून थांबले. आज नाय सांगितलं तर खड्डा जाईल तिजा."

आठवा खड्डा माझा ठरला. टाळ्या पडल्या, अर्थात रोझलीनला. शरमेने माझी मान वर होत नव्हती, पण वाडी वाचणार म्हणून हायसंही वाटलं. मग दारावर नवा नकाशा लागला. त्यात प्रत्येक विहिरीपुढे नोंद करणाऱ्याचं नाव होतं. तिच्या विहिरीपुढे रोझलीन. माझ्या लाल विहिरीपुढेही रोझलीन. गोड पाणी तिचं होतंच, आता माझं खारट पाणीसुद्धा तिच्या नावावर!

पुढच्या रविवारी मी पहिली मिस्सा बुडवली. यंत्र घेऊन ती केळीतून आली, तेव्हा मी विहिरीच्या कठड्यावर बसले होते.

"वैनी, परत जा. माजी विहीर मी मापनार."

ती वळली. जाताना हसली असावी, मी मुद्दाम बघितलं नाही. बादली सोडली, वर ओढली, यंत्र बुडवलं. दोन हजार तीनशे. तो आकडा जसाच्या तसा ऋतिकाला पाठवला आणि खाली माझं पूर्ण नाव लिहिलं.