आवाज न करणारे चोवीस पंखे

सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी प्रवीण ओव्हाळने सात नंबरच्या संगणकाचा कुलर सैल केला. प्रोसेसरवर बसलेला तांब्याच्या नळ्यांचा आणि ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांचा हा ठोकळा एकदम उपसायचा नसतो. आधी मशीन दहा मिनिटं चालवायचं, म्हणजे ठोकळा आणि प्रोसेसर यांच्यामधली, उष्णता वाहून नेणारी पेस्ट मऊ पडते. मग बंद करून ठोकळा डावी-उजवीकडे हलकेच फिरवायचा. घाई केली तर कधी कधी खालचा प्रोसेसरच पिनांसकट वर येतो. प्रवीणने घाई केली नाही. ठोकळा वर आला, तो त्याने वर्तमानपत्रात गुंडाळला आणि सहा नंबरच्या ठोकळ्याशेजारी खोक्यात ठेवला.

हा कुलर साडेपंधरा सेंटिमीटर उंच आहे. त्याच्या जागी जो परत बसवायचा आहे तो चहाच्या बशीएवढा आणि दोन-अडीच इंच उंच. मोठ्याचा पंखा मिनिटाला नऊशे फेरे घेतो. छोट्याला तेवढीच उष्णता बाहेर टाकायला तीन हजारांवर जावं लागतं आणि तरी ती सगळी निघत नाही. मोठ्याचा आवाज कान लावला तर ऐकू येतो. छोट्याचा व्हरांड्यात येतो.

चोवीस संगणकांची ही प्रयोगशाळा चौसाळ्याच्या बाहेर, हायवेला लागून असलेल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात आहे. वर पत्रे, समोर ट्रकांची धूळ, मागे जिनिंग. कापसाच्या हंगामात पिंज उडून खिडकीच्या जाळीतून आत येते आणि पंख्यांच्या पात्यांना चिकटते. प्रवीण इथे चौदा वर्षं आहे, दरवेळी अकरा महिन्यांच्या आदेशावर. मधला एक महिना तो कागदोपत्री नसतो. प्रत्यक्षात असतो, कारण मे महिन्यात मशीन उघडून साफ करायला दुसरं कोणी नाही. तो नांदूरघाटचा, पॉलिटेक्निकचा डिप्लोमावाला. वडील जिनिंगमध्ये हमाल होते आणि तिथल्या आवाजाने पन्नाशीतच त्यांना ऐकू येईनासं झालं. मुलाचा कान मात्र तिखट. डोळे मिटून खोलीत उभा राहिला तर तो सांगतो, तिसऱ्या रांगेतल्या पंख्याचं बेअरिंग कोरडं झालंय, पलीकडच्याच्या पात्यात पिंज अडकलीय. पोरं त्याची परीक्षा घेत आणि हरत.

दोन वर्षांपूर्वीच्या एप्रिलमध्ये, ऐन परीक्षेत, तीन मशीन गरम होऊन आपोआप बंद पडली. प्रवीणने तापमान तपासलं तेव्हा चौऱ्याण्णव अंश होतं. तेव्हापासून तो मोठ्या कुलरसाठी अर्ज देत होता. शेजारच्या वर्गावर शिकवणारे सरही त्याच्या बाजूने होते, कारण सगळे पंखे भरात आले की त्यांना फळ्यापाशी ओरडावं लागे. ‘तुझी गिरणी बंद कर’ असं ते दारातून सांगून जात. चौथा अर्ज मंजूर झाला आणि गेल्या दिवाळीच्या सुट्टीत कुलर आले.

ते संगणकाच्या डब्यात मावेनात. बाजूचा पत्रा लावायला गेलं की दोन बोटं बाहेर. प्रवीण एक पत्रा घेऊन आश्रुबाकडे गेला. आश्रुबा चौसाळ्यात धान्याच्या कोठ्या बनवतो.

“कोठीला झाकण करतो, बादलीला बूड बसवतो,” आश्रुबा म्हणाला. “डब्याला पोट काढायचं, मास्तर, आजच ऐकलो.”

“लई नको. दोन इंच काढा.”

“कितवा महिना हाय?”

चोवीस पत्र्यांना पोट आलं. दिवाळीनंतर पोरांनी ते बघून नावं ठेवली, पण खोली शांत झाली. चोवीसच्या चोवीस मशीन चालू असताना बाहेरच्या ट्रकचा गिअर ऐकू येऊ लागला. तापमान एकसष्टाच्या वर गेलं नाही. जानेवारीत संस्थेने प्रयोगशाळा सहायकाच्या एका कायम पदाचा प्रस्ताव करायला घेतला आणि त्यात प्रवीणचं नाव घातलं. तो बेचाळीस पूर्ण करून त्रेचाळिसाव्यात होता. पदाला वयाची अट त्रेचाळीसची. पुढचा प्रस्ताव निघेपर्यंत तो अटीबाहेर जाणार, हे त्याला आणि कचेरीला दोघांनाही माहीत होतं.

संस्थेचे सचिव बद्रीनाथ यांना सगळे नाना म्हणतात. सासष्ट वर्षं वय, तीन विहिरी, दोन बोअर. या भागात शेतातली मोटर कोणी डोळ्यांनी बघत नाही. लाइट कधी येईल त्याचा नेम नाही, विहीर लांब. माणूस अंगणात नाहीतर बांधावर उभा राहून कान देतो. आवाज आला, मोटर चालू. नाही आला, तर जाऊन स्टार्टरचं हिरवं बटण दाबायचं, आणि दाबून धरायचं, नाहीतर मोटर पकडत नाही. नानांनी पन्नास वर्षं हेच केलं आहे.

मार्चच्या दुसऱ्या शनिवारी एका खासगी कंपनीने डेटा-एन्ट्रीच्या भरतीसाठी इथे चाचणी घेतली. तेवीस उमेदवार, चाळीस मिनिटं. चोविसावा संगणक मुख्य. सगळ्यांचं टाइप केलेलं त्याच्यावर गोळा होणार होतं. तो मागच्या दाराशी ठेवलेला, त्याचा मॉनिटर बंद. त्याच्या पुढच्या बाजूला एक हिरवा दिवा असतो. त्या दिव्यावर दसऱ्याच्या पूजेचं हळद-कुंकू बसलं होतं. खंडेनवमीला सगळ्या मशीनची पूजा होते, आणि कुंकू पुसायचं नाही अशी नानांचीच ताकीद. कंपनीचा निरीक्षक फोन घ्यायला बाहेर गेला होता. एकोणीस नंबरच्या मुलाच्या कीबोर्डचं बटण अडकत होतं म्हणून प्रवीण त्याच्या बाकाशी गुडघ्यावर बसला होता. मागच्या दाराशी शिपाई मुंजाजी स्टुलावर.

नाना त्या दाराने आत आले. जरा थांबले. कान दिला.

“बंद पडलंय की बे हे,” ते म्हणाले. “कुणाचं ध्यानच न्हाई.”

प्रवीणने मान वर केली तेव्हा नानांचा अंगठा बटणावर होता, आणि होताच. स्टार्टरवर धरतात तसा; पण संगणकाचं बटण असं धरून ठेवलं की चालू संगणक बंद होतो. “नाना, नका—” एवढं तो म्हणेपर्यंत मशीन बंद झालं होतं. आवाज आधीही नव्हता, नंतरही नाही, त्यामुळे नानांना फरक कळला नाही. त्यांनी पुन्हा एकदा दाबलं. आता ते खरंच सुरू झालं, तेही तसंच मुक्याने. नाना “बघा जरा” म्हणून निघून गेले.

तेवीस पडद्यांवर संपर्क तुटल्याची एकच ओळ आली. एकतीस मिनिटांचं काम गेलं. वैष्णवी नावाची मुलगी तलवाड्याहून पहाटेच्या गाडीने आली होती. तिने हात वर करून विचारलं, “सर, माझं तरी राहिलं असंल ना?” प्रवीण नाही म्हणाला. चाचणी पुन्हा झाली नाही.

सोमवारी कंपनीची नोटीस आली. चार दिवसांत लेखी कारण द्या, नाहीतर केंद्र रद्द. प्रवीणकडे कारण होतं. संगणक स्वतःच नोंद ठेवतो. किती वाजून किती सेकंदांनी बंद झाला, वीज गेली होती की नव्हती, बटण दाबून धरलं होतं की नाही. अकरा बेचाळीसला वीज होती आणि बटण दाबून धरलेलं होतं. तो कागद छापून त्याने हेडक्लार्क हनुमान यांच्यासमोर ठेवला. कचेरीत त्यांना भाऊ म्हणतात.

हनुमान यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला.

“बटण दाबलं, एवढंच हाय ना यात?”

“हां.”

“कुणी दाबलं ते लिवलंय का?”

“ते कसं लिहील, भाऊ?”

“मग कुणी दाबलं?”

“तुमाला बी ठाव हाय.”

“मी नव्हतो खोलीत. तू होतास.” हनुमान यांनी कागदाची घडी घातली. “ओव्हाळ, ऐक. पन्नास गावांत शाळा काढलेल्या माणसाला बटण कळत न्हाई, असं आपण लिवायचं का? आपण लिवू, मोठे कुलर बसवले, डबे कापले, त्यानं मशीन बंद पडलं. यंत्राचा दोष हाय म्हणू. यंत्राला काय नोकरी हाय व्हय? तू खाली सही कर, तांत्रिक जबाबदार म्हणून. तुझं नाव प्रस्तावात हाय तसं राहील.”

प्रवीण बाहेर आला आणि मुंजाजीच्या स्टुलापाशी थांबला.

“मामा, तुमी दाराशीच होतात.”

“होतो की.”

“नानांनी बटण दाबलेलं बघितलं ना?”

मुंजाजीने तंबाखू मळणं थांबवलं नाही. “मला मोतीबिंदू हाय, बाबा. नाना आले ते बी मला वासावरून कळलं.”

“मोतीबिंदू काढला ना तुमी गेल्या साली?”

“एका डोळ्याचा. ते दुसऱ्या अंगानं आले.”

घरी बायकोने, आम्रपालीने, भाकरी थापता थापता सगळं ऐकून घेतलं. ती अंगणवाडीत सेविका आहे आणि तिच्या हाताखालून दर महिन्याला तीस कागद जातात.

“तुमी दाबलं का बटण?”

“न्हाई.”

“मग सही कावून?”

“नाव राहतंय म्हणलेत.”

“म्हणलेत का लिवून दिलंय?” तिने भाकरी उलटली. “त्यांचं तोंडी आन तुमचं लेखी. चांगलं हाय.”

त्याने गुरुवारी सही केली. त्याचा हिशेब सोपा होता. सही नाही केली तर जूनमध्ये अकरा महिन्यांचा आदेश निघणार नाही आणि प्रस्तावही नाही. केली तर निदान प्रस्ताव आहे. खरं कारण सांगून कंपनीचं केंद्र वाचलं असतं का, हे त्याला माहीत नव्हतं. खोटं सांगून वाचलं. यंत्रणा पूर्ववत करण्याच्या अटीवर कंपनीने नोटीस मागे घेतली.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात प्रस्ताव गेला. त्यात नानांचा पुतण्या पप्पू याचं नाव होतं. पप्पूने दोन वर्षांपूर्वी बीडला संगणकाचा तीन महिन्यांचा कोर्स केला आहे. प्रवीणला हे मुंजाजीकडून कळलं. त्या बाबतीत मुंजाजीला सगळं दिसतं. प्रवीण कचेरीत गेला.

“नाव राहील म्हणलतात, भाऊ.”

“राहिलं असतं की,” हनुमान म्हणाले. त्यांच्या आवाजात कसलाही राग नव्हता. “पण नोंद हाय तुझ्या नावावर. तांत्रिक चुकीमुळं परीक्षा बुडाली. असल्या माणसाचं नाव वर पाठवलं तर वरचे आमाला इचारतील.”

“ती नोंद तुमीच लिवली.”

“सही कुणाची हाय?”

प्रवीणने नानांना एकदाच गाठलं, गाडीत बसताना. बटणाचा विषय त्याने काढला नाही. काढला असता तरी उपयोग नव्हता. नानांना त्या दिवशी आपण बंद मशीन चालू केलं असंच वाटतं, आणि ते तसं दोन-तीन ठिकाणी बोललेही आहेत. प्रवीण फक्त कुलरबद्दल बोलला. छोटे परत बसवले तर मे महिन्यात मशीन बंद पडतील, गेल्या खेपेला चौऱ्याण्णवपर्यंत गेलं होतं.

“तापू दे,” नाना म्हणाले. “उन्हाळ्यात माणसं बी तापतेत. पर चालू हाय का बंद, ते कळाय पायजे. मुकं जनावर अन् मुकं मशीन, काय करायचं घेऊन?” मग काच वर करता करता म्हणाले, “तू हुशार हाईस, प्रवीण. पर जास्ती करायला जातोस.”

म्हणून आता तो कुलर काढतो आहे. दिवसाला चार होतात. पेस्ट खरवडायची, स्पिरिटने पुसायचं, नवी पेस्ट ज्वारीच्या दाण्याएवढी, त्यावर छोटा कुलर, चार कोपऱ्यांच्या चार खुंट्या. छोटे कुलर त्याने दिवाळीत धुऊन, वाळवून, जपून ठेवले होते. फेकून दिले असते तर आज परत बसवायला नसते, असं आम्रपाली म्हणाली. पत्र्यांची पोटं तशीच आहेत. आत आता रिकामी जागा आहे. आश्रुबाने पत्रे ठोकून सरळ करायला नकार दिला. एकदा ताणलेला पत्रा पहिल्यासारखा बसत नाही, म्हणाला.

साडेअकराला सात नंबर सुरू झाला. पंखा आधी गुरगुरला, मग चढत चढत तीन हजारांवर गेला आणि तिथेच टिकला. बाहेर एक्केचाळीस अंश होतं. दाराजवळच्या खुर्चीत मोबाइल बघत बसलेल्या पप्पूने मान वर केली.

“आता कसं चालू वाटतंय, ओव्हाळ.”

“हां.”

“सर म्हणू का नुसतं ओव्हाळ म्हणू? पोरं सर म्हणत्यात तुमाला.”

“काय बी म्हणा.”

प्रवीणने तापमान बघितलं. काहीही काम नसताना ब्याऐंशी. त्याने ते वहीत लिहिलं, तारीख आणि मशीनचा नंबर घालून, आणि खाली कोणाचीही सही घेतली नाही. शेजारच्या वर्गावरच्या सरांनी मधलं दार ओढून घेतलं. या वेळी ते गिरणीबद्दल काही बोलले नाहीत. नंतर तो आठ नंबरकडे वळला. संध्याकाळी साडेपाचला दहा नंबर पूर्ण झाला तेव्हा दहा पंखे एका सुरात ओरडत होते. त्यांतल्या चार नंबरच्या बेअरिंगला तेल लागणार हे त्याला ऐकू येत होतं. पप्पू केव्हाच गेला होता. मुंजाजीने किल्ली लावून ती पप्पूच्या घरी पोचवली.

उद्या अकरा नंबरपासून सुरुवात आहे. प्रवीणची हजेरी साडेनऊची. खोलीची किल्ली प्रस्ताव गेल्यापासून पप्पूकडे असते, आणि पप्पू सव्वादहाला येतो.