खुटबावच्या यादीतून नाव काढलं तेव्हा

दौंड स्टेशनवर मी फौजेच्या गाडीत चढताना आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एवढंच बजावलं, "मागं वळून बघू नगंस. तुझी आई रडंल." मी बघितलं नाही. त्याचा राग आईला अजून आहे.

सतरा वर्षांनी पेन्शन घेऊन खुटबावला परतलो, तर शेतात माझ्याजोगं काम उरलं नव्हतं. मग सणसवाडीच्या बाजूला कामगारांसाठी मेस काढली. शिफ्ट सुटली की बिहारपासून बीडपर्यंतची माणसं "फौजीभाई, खाना लगाओ" करत येतात.

गावाकडच्यांनो, आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनो, आता टोचेल ते सांगतो. आपण इथं वर्षानुवर्षं राहतो, पण मतदार यादीतलं नाव गावातच ठेवतो. निवडणूक आली की गावाहून जीप येते, आपल्याला भरून नेते, मटण चारते आणि परत आणून सोडते. इथं नळाला पाणी नाही म्हणून कुणाकडे गेलो, की पहिला प्रश्न: तुमचं मत कुठं आहे?

मी खुटबावचं नाव काढून इथं नोंदवलं. वर ग्रामपंचायतीला अर्ज भरला. इथले कारभारी घरी आले, चहा प्यायले आणि म्हणाले, "फौजी, तुम्ही पाव्हणं. बिनविरोध करायचं ठरलंय, अर्ज मागं घ्या." मी म्हणालो, "पाव्हणा दहा वर्षं राहतो व्हय?"

आप्पांचा फोन त्याहून कडक होता. "नाव काढलंस? म्हंजी आमी मेलो व्हय रं तुला?" खोटं कशाला बोलू, मी डळमळलो. माघारीच्या दिवशी तहसीलच्या वाटेला लागलोसुद्धा. पण माझं ऐकून मेसमध्ये भाकऱ्या करणाऱ्या शकीलाभाभींनीही वरवंडच्या यादीतलं नाव काढलं होतं. त्यांना काय तोंड दाखवणार? अर्ध्या रस्त्यातून परत फिरलो.

मतदानाच्या सकाळी आप्पा एसटीनं आले. त्यांचं मत इथं नव्हतंच. केंद्राबाहेर आमच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसले, ऊन चढलं तरी हलले नाहीत. एका कारभाऱ्यानं विचारलं, "आबा, तुम्ही कुठलं?"

"म्या खुटबावचा," आप्पा म्हणाले. "ल्योक हितला हाय."

निकालात मी सपाटून पडलो. गावाहून निरोप आला, आता तरी परत या. नाही येणार. पुढच्या वेळी पुन्हा अर्ज भरणार. खुटबाववर जीव आहे, तो कुठं जात नाही. पण मी हरलोय ते माझ्या घरी हरलोय.