खाली गाद्या, वर खाटा

कामावर त्याला सगळे ओळंबा म्हणत. सरळ, जड आणि गप्प. उभा जन्म त्याने एकच काम केलं. जड वस्तू उचलायची, टांगायची, आणि कुणाच्या डोक्यात न पडता जागेवर बसवायची. बॉयलर, यंत्रं, पुलाच्या तुळया, सगळं त्याच्या हाताखालून गेलं. काही पडलं नाही. त्याबद्दल त्याला कुणी शाबासकी दिली नाही, आणि त्याचीही अपेक्षा नव्हती. न पडलेल्या वस्तूची कोण आठवण ठेवतो?

त्याच्या टोळीत एक रीत होती. बांधतो तो तपासत नाही. बांधणारा खाली उतरायचा, मग दुसरा वर चढायचा, एकेक कडी हाताने चाचपायचा, पान्याने ठोकायचा आणि वरून ओरडायचा, "बघितलं!" हा शब्द कानावर पडेपर्यंत मालाखालून कुत्रंसुद्धा जाऊ देत नसत. ओळंबा बांधायचा, त्याचा जोडीदार लंबू तपासायचा. "तुझी चूक तुला दिसायची नाही," लंबू म्हणायचा. "आईला कधी आपल्या लेकराचं नाक चपटं दिसलंय का?"

घरी जेवताना ओळंबा दुसरं काही बोलायचा नाही, हेच बोलायचा. थोरली लेक हे ऐकत मोठी झाली. तिने वेल्डिंग बापाकडूनच शिकून घेतलं, पण कारखान्यात गेली नाही. जुनं लोखंड गोळा करून त्याच्या मोठमोठ्या वस्तू करू लागली. त्यांना ती 'काम' म्हणायची, तो भंगार म्हणायचा.

"हेच कारखान्यात जोडलं असतंस तर पगार मिळाला असता," तो म्हणे.

"कारखान्यात मला कुणी विचारलं असतं का, की काय जोडू?"

जोड मात्र तो बोटाने तपासायचा. जोड चांगले असत.

त्या वर्षी आसपासच्या गावांतल्या चित्रकार-शिल्पकारांनी मिळून प्रदर्शन भरवायचं ठरवलं. मोठ्या शहरातल्या दालनांची दारं त्यांना उघडत नव्हती, म्हणून त्यांनी स्वतःच जागा मिळवल्या. एक टायरवाल्याचं गॅरेज, एकीच्या गच्चीवरची खोली, आणि बंद पडलेला छापखाना. झाडलोट, चुना, विजेच्या तारा, सगळं त्यांनीच केलं. ओळंबा बघायला गेला तेव्हा एक टकला फोटोग्राफर गुडघ्यांवर बसून फरशीवरची जुनी शाई खरवडत होता. कोपरे न सोडता खरवडत होता. ओळंब्याला बरं वाटलं. नुसतं बसलेलं तिथे कुणी नव्हतं.

छापखान्याची खोली त्याच्या लेकीला मिळाली होती. बंद दवाखान्यातल्या लोखंडी खाटा तिने एकमेकींना जोडल्या होत्या. तो सगळा घोस तुळईला टांगायचा होता आणि तो हळूहळू फिरायला हवा होता. खाली गाद्या. लोकांनी गादीवर आडवं होऊन वर बघायचं.

"लोक मालाखाली झोपणार?" त्याने विचारलं.

"माल नाही बाबा, काम आहे ते."

"पडल्यावर सारखंच लागतं. खाली माणूस असेल तर मी टांगणार नाही."

"मग दुसऱ्या कुणाला तरी सांगीन. त्याला तुमच्याइतकं येत नसेल, एवढंच."

पोरगी बापावर गेली होती, कुठे पाना लावायचा ते तिला बरोबर कळायचं. त्याने टांगलं. चेन-ब्लॉकने, म्हणजे तुळईला अडकवलेल्या साखळीच्या कप्पीने, घोस वर घेतला. एक कडी तुळईला, एक खाटांना, मध्ये साखळी. कडी म्हणजे घोड्याच्या नालेसारखं जाड लोखंड, तिच्या तोंडात आट्यांची खीळ. फिरणारा माल खिळीचे आटे हळूहळू उलगडतो, म्हणून खिळीला बारीक तार पिळून बांधायची. ओळंब्याने तारेचे दोन तुकडे कापले. खालच्या कडीला एक बांधला. वर चढला, खीळ आवळली, आणि तेवढ्यात खालून लेकीने हाक मारली, "बाबा, चहा गार होतोय!"

चहा पिऊन तो पुन्हा उभा राहिला आणि वर बघितलं. लंबू आता दूरच्या गावी मुलीकडे असतो, डोळ्यांत मोतीबिंदू. तपासायला कुणीच नव्हतं. मग ओळंब्याने आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. हलक्या आवाजात स्वतःच म्हणाला, "बघितलं." गाद्या तोवर आत यायला लागल्या होत्या. चेन-ब्लॉक खाली काढू म्हणाला, तर लेक म्हणाली, राहू द्या, छान दिसतोय. त्याने राहू दिला.

उद्घाटनाला दुपारीच गर्दी झाली. लोक गॅरेजमधून छापखान्यात, छापखान्यातून गच्चीवर जात होते. ओळंबा इस्त्रीचा शर्ट घालून भिंतीला उभा होता. त्याची बायको गादीवर आडवी होऊन खाटांकडे बघत होती.

"अहो, दिवसाउजेडी आडवी झालेय, आणि कुणी काही म्हणत नाही," ती तिथूनच म्हणाली. "हे प्रदर्शन मला पसंत आहे."

येणारा प्रत्येक जण खाटांना हाताने हलका धक्का द्यायचा. घोस फिरायचा. फेरा पूर्ण झाला की वर काहीतरी चर्रकन वाजायचं. तुळई जुनी आहे, ओळंबा मनाशी म्हणाला.

भिंतीवर लेकीने छोटी पाटी लावली होती. वाचायला म्हणून त्याने चष्म्याचं घर उघडलं. पाटीवर कामाचं नाव होतं, तिचं नाव होतं, आणि खाली लिहिलं होतं: टांगणी, बाबा. त्याने ते दोनदा वाचलं. चष्म्याच्या घरात हाताला काहीतरी टोचलं. हरवू नये म्हणून तो छोट्या वस्तू तिथेच ठेवायचा. बघितलं तर तारेचा तुकडा. सरळ, न पिळलेला.

त्याने तो उजेडात धरला.

जास्तीचा कापला असेल. नाही, दोनच कापले होते. मग वरच्या कडीला बांधला कोणता? त्याने आठवून बघितलं. खीळ आवळल्याचं हाताला आठवत होतं. तार पिळल्याचं आठवत नव्हतं. वर बघितलं तर दिव्यांचा झोत डोळ्यांत येत होता, कडी अंधारात होती. चर्र. पुन्हा कुणीतरी धक्का दिला. चर्र. ती तुळई नव्हती.

ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं. लेकीचं पहिलं प्रदर्शन. सगळ्या गावासमोर तिच्या बापाने सांगायचं, की मी बांधायला विसरलो? आणि वर तार असली तर? म्हातारा चळला म्हणतील. आणि नसली तर?

तो बायकोजवळ गेला. "अगं, ऊठ."

"का?"

"चहा घे."

"आत्ताशी पाठ टेकलीय. तुम्हीच या की."

"ऊठ म्हणतो ना!"

त्याने तिचा हात धरून ओढला. शेजारच्या गादीवरचा टायरवाला हसला. "काका, काकूंना राहू द्या, हवं तर माझी गादी घ्या." बाजूला एक बाई डोळे मिटून पडली होती. आपण फक्त आपली बायको काढतोय, हे ओळंब्याच्या ध्यानात आलं. त्याची त्याला लाज वाटली, आणि त्या लाजेनेच आवाज फुटला. टोळीतला, यंत्रांच्या वर चढणारा आवाज.

"मालाखालून बाहेर!"

मग कुणीतरी टाळी वाजवली. "वा! हेपण कामातच आहे वाटतं!" लोक हसले. दारातले दोघे उत्साहाने आत आले आणि गादीवर पडले.

चर्र.

लेक पाहुण्यांशी बोलत होती. तिने वळून बापाचा चेहरा बघितला, हातातली तार बघितली.

"उठा सगळे," ती म्हणाली. "भिंतीला जा. आत्ता. यात मजा काही नाही."

तिच्या आवाजाने लोक उठले. बायको पदर सावरत सर्वांत शेवटी उठली. टकल्या फोटोग्राफरने शिडी आणून खाटांच्या बाजूने तुळईला टेकवली आणि पाना ओळंब्याच्या हाती दिला. ओळंब्याने पायरीवर पाय ठेवला आणि तिथेच थांबला. लेकीने त्याच्या हातातून पाना आणि तार घेतली.

"मी चढते."

ती वर पोचली.

"बाबा, खीळ निम्मी बाहेर आलीय."

बायकोने तोंडावर हात घेतला. जिथे ती पडली होती, त्या गादीवर तिच्या डोक्याचा खळगा अजून तसाच होता. ओळंबा त्या खळग्याकडे बघत राहिला.

"हात लावू नकोस!" तो ओरडला. "आधी वजन घे. चेन-ब्लॉकचा हूक साखळीत अडकव. ओढा रे, हळू. झटका नको."

टायरवाला आणि फोटोग्राफर ओढू लागले. साखळी टकटक करत ताणली. खाटा बोटभर वर आल्या. लेकीने खीळ आत फिरवली, आवळली, तार ओवली आणि पिळली. मग दोघांकडून वजन पुन्हा कडीवर सोडवून घेतलं, हूक काढला आणि खाली उतरली. लोकांनी सुटकेचा श्वास टाकला. एक जण गादीकडे वळला.

"थांबा," ती म्हणाली. "अजून बघितलं नाही."

"आत्ता तुम्हीच तर बघितलंत."

"मी बांधलं."

आणि तिने पाना बापापुढे धरला.

एवढ्या लोकांदेखत त्याला नको म्हणता आलं नाही. तो चढला. प्रत्येक पायरीवर शिडी हलत होती. ती लेकीने दोन्ही हातांनी धरली होती. वर पोचल्यावर त्याने खाली बघितलं नाही. कडी चाचपली. खीळ आत टेकली होती. तार तीन पिळे, टोक आत वळवलेलं, जसं जेवताना तो सांगायचा तसं. पान्याने ठोकलं. आवाज भरीव आला. तरी शब्द बाहेर येईना. एकदा हा शब्द त्याने खोटा म्हटला होता. त्याने पुन्हा चाचपलं. पुन्हा ठोकलं.

"काय हो?" खालून बायको म्हणाली.

तार बोटाने ओढून बघितली. हलली नाही.

"बघितलं," तो म्हणाला.

"ऐकू आलं नाही," लेक म्हणाली.

"बघितलं!"

गाद्यांकडे मात्र कुणी गेलं नाही. लोक भिंतीलाच उभे राहिले. लेकीने शिडी फोटोग्राफरच्या हाती दिली, खाटांना हलका धक्का दिला, खाली जाऊन गादीवर पाठ टेकली आणि वर बघितलं. ओळंबा तुळईला धरून तिथेच थांबला, हात कडीवर ठेवून. खाटा फिरू लागल्या. तो चर्र आवाज येतो का, ते ऐकत राहिला.