कंट्रोल ग्रुपमधली जैनी

सवितानं शेजारच्या जैनीला सगळं सांगून टाकलं होतं आणि आमच्या ट्रायलला भोक पडलं होतं.

तलासरीजवळच्या पाड्यांवर आमचा डिप्रेशनच्या उपचारांचा अभ्यास चालू आहे. मी तिथली कोऑर्डिनेटर. प्रश्न साधा आहे: दवाखान्यातल्या नेहमीच्या उपचारांना गावातल्याच, ट्रेनिंग घेतलेल्या ताईच्या समुपदेशनाची जोड दिली, तर माणूस जास्त सावरतो का? कोण कुठल्या गटात जाणार ते कॉम्प्युटर ठरवतो, त्यामुळे वशिल्याला जागा नाही. ज्यांना फक्त नेहमीचे उपचार मिळतात, तो कंट्रोल ग्रुप. एका गटाचा उपचार दुसऱ्या गटात झिरपला, तर आम्ही त्याला कंटॅमिनेशन म्हणतो. मग फरक कशामुळे पडला, ते सांगता येत नाही.

सविता समुपदेशनाच्या गटात होती, जैनी कंट्रोलमध्ये. जैनीनं अंथरूण धरलं होतं. चूल पेटत नव्हती. तिची लहान मुलगी शेजारीपाजारी जेवायची.

मन लागेल तेव्हा काम करू, असं म्हणत बसायचं नाही. रोज एक छोटं काम आधी करायचं, मन हळूहळू मागून येतं, असं ताई सविताला सांगत असे. सवितानं काम निवडलं सरपण आणण्याचं. आता मोळी डोक्यावर चढवायला दुसरीचा हात लागतोच. ती सरळ जैनीच्या घरात शिरली आणि तिला उठवून घेऊन गेली. रोज. जाता-येता ताईचा सगळा उपदेशही पोचता झाला.

ऑफिसात एकाचं म्हणणं पडलं, दोघींना अभ्यासातून काढून टाका, आकडे स्वच्छ राहतील. मला वाटलं, निदान सविताला थांबवावं. म्हणून मी पाड्यावर गेले आणि तिला अभ्यासाची अडचण नीट समजावून सांगितली.

तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ताई, मोळी एकटीला उचलवत नाय. आणि ती संगं आली, तं मी काय मुक्यानं चालू? तुम्ही सांगा, उद्या तिला निजून ऱ्हा म्हणू का?"

पलीकडे जैनी चुलीपाशी बसून भाकरी थापत होती. मी बाहेर येऊन आमच्या मुख्य संशोधक मॅडमना फोन लावून सगळं सांगितलं.

त्या म्हणाल्या, "थांबवू नका. लपवूही नका. जे घडलं ते तसंच लिहा आणि जैनीला कंट्रोलमध्येच मोजा. आकड्यांसाठी आपण कोणाला आजारी ठेवत नसतो." त्यांच्या कित्येक वर्षांच्या मेहनतीचा प्रश्न होता, तरी आवाज जरासुद्धा हलला नाही. त्या दिवशी मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटला, आणि सविताबद्दल त्याहून जास्त.

शेवटची तपासणी करणाऱ्याला कोण कुठल्या गटातलं, हे माहीत नसतं. त्यानं जैनी पुष्कळ सावरल्याचं नोंदवलं. कंट्रोल ग्रुपमधली बाई इतकी सुधारली म्हणजे हिशेबात आमचा उपचार तेवढा कमी गुणाचा ठरला. तोट्याचा आकडा भरताना मी इतकी खूश कधीच नव्हते.

पुढच्या अभ्यासात अख्खा पाडा एकाच गटात घ्यायचं ठरलंय. दोन शेजारणींना वेगळं ठेवण्याइतकं आमचं शास्त्र अजून पुढे गेलेलं नाही.