बापूकाकांचं घर समुद्रात

परदेशात नकाशे करायला शिकून मी मालवणला परतले, तेव्हा वाटलं होतं, आपण ऑनलाइन नकाशा करायचा, लोक त्यावर पिन टाकून प्रवासाचे अनुभव लिहितील, सुंदर प्रवासवर्णनं जमतील. जमले ते किस्से! आणि त्यातले निम्मे आमच्या शेजारच्या बापूकाकांच्या घरचे.

या किनाऱ्याबद्दल पाहुण्यांइतकंच गावानेही बोलावं, हा माझा हट्ट. गावच त्यावर नसेल, तर असला नकाशा हवा कशाला?

*

बापूकाका रापणीचे, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचे, म्होरके. काकू घरी पर्यटक ठेवतात. घराची पिन कशी टाकायची ते मी काकांना शिकवलं, "असाल तिथे हे बटण दाबा."

काकांनी दाबलं. होडीत बसून!

पुण्याहून निघालेल्या पाहुण्यांचा घाबरून फोन, "काका, तुमचं घर समुद्रात दाखवतंय!"

काका शांत. "मगे? होडी धाडू?"

*

एका पाहुण्याने दोनच तारे दिले. "खोली स्वच्छ, जेवण उत्तम. पण रात्रभर लाटांचा आवाज."

काकूंनी ठेवणीतल्या मराठीत उत्तर टाकलं, "क्षमस्व. पुढच्या वेळी समुद्र बंद ठेवू."

"काकू, टोमणा वाटेल हो!"

"टोमणोच तो, वाटूकच व्हयो!"

*

पलीकडे काकूंच्या जाऊबाईंच्याही खोल्या. दोघींचं बोलणं बंद. त्यांच्या पिनखाली कोणीतरी लिहिलं, "इथली सोलकढी म्हणजे किनाऱ्यावर एक नंबर!"

काकू फोन घेऊन धावतच आल्या. मी घाईघाईने म्हटलं, "काढून टाकू?"

"काढतंस कित्याक? ती कढी मियाच धाडलेलंय!"

"पण तुमचं बोलणं..."

"बोलणां बंद आसा गो. वाटी नाय!"

*

मग माझीच पिन. 'निवांत किनारा'. खाली मी जीव ओतून लिहिलेला परिच्छेद. तो इतका चालला की रविवारी किनाऱ्यावर गाड्याच गाड्या! रापण ओढायची वेळ, आणि पाहुणे दोरावर उभे राहून फोटो काढताहेत. जाळं मध्येच अडलं, मासळी निसटली.

संध्याकाळी काका दारात. "चेडवा, ती पिन काढ. नायतर सगळ्या गावाक सांगतंय, नकाशातून भायर पडा!"

मीही तापले. "लोकांनी रापण बघायचीच नाही का, काका?"

"बघूक नको म्हणान कोणी सांगल्यान? आमच्याकडे रापणीर इलेल्यान दोर धरूचो. धरल्यान तर मासळीत वाटो. नुसतो उभो रवता, तो कोण?"

चहाही न घेता गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिन काढायला बसले. काढली नाही. माझा सुंदर परिच्छेद तेवढा पुसला आणि त्या जागी लिहिलं, "इथे सकाळी रापण ओढतात. येताना दोन्ही हात मोकळे आणा."