दोन बोटांची गाडी

आमचा खैरी म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा नातू. बर्फाच्या कारखान्यात कामाला. दिवसभर लाद्या उचलून हात थंडगार, पण गाडीचा विषय निघाला की पोरगा असा तापायचा की शेजारची लादी वितळावी.

गाडी तशी इवलीशीच, आमच्या अर्ध्या पेराक राज्यात दिसते तसली. ती त्याला जमिनीलगत हवी होती. मूळच्या स्प्रिंगा काढून आखूड घातल्या की गाडी खाली बसते. चाक आणि वरचा पत्रा यांच्या फटीत किती बोटं मावतात, यावर आमच्या पोरांची इज्जत ठरते. चार मावली तर ती मास्तरांची गाडी. दोन मावली तर लोक हातातला चहा खाली ठेवून बघतात.

हे सगळं सुखाने झालं असतं, पण मध्येच खैरी हाजी सुहैमींच्या मुलीच्या, हिदायूच्या प्रेमात पडला. भरधाव पोरांना वैतागून हाजींनी आपल्या फाटकातच सिमेंटचा स्पीडब्रेकर घातला होता, निजलेल्या म्हशीएवढा. मागणी घालायला येतो म्हणून आम्ही निरोप पाठवला, तर उलट निरोप आला, "ज्याची गाडी न घासता आत येईल आणि न घासता बाहेर जाईल, त्यालाच मुलगी. पोटावर सरपटणारं काही मला अंगणात नको."

दुसरा कुणी असता तर मूळच्या स्प्रिंगा तशाच ठेवून मोकळा झाला असता. खैरी मला घेऊन कियातच्या गॅरेजात गेला.

"एकटा फिरतोस की माणसं बसवतोस?" कियातने विचारलं.

"माणसं. माक लोंगपण."

माक लोंग म्हणजे त्याची थोरली मावशी. कियातने तिला पाहिलेलं होतं. त्याने हातातला पाना खाली ठेवला. "मग तिला घेऊनच ये. हे अंदाजाने करायचं काम नाही."

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे गॅरेजात. पुढे मी, मागे खैरीची आई आणि माक लोंग, मांडीवर मागणीला न्यायची भेटींची पाचही ताटं, भरलेली. कियात गाडीखाली आडवा.

"मला गाडीत बसवलंय की काट्यावर?" माक लोंगने विचारलं.

"मावशी, श्वास रोखून धरू नका, माप चुकतं," खालून आवाज आला.

सगळ्यात आखूड स्प्रिंगांवर गाडी अशी बसली की कियातलाच बाहेर निघता येईना. शेवटी मधल्या ठरल्या. हाजींच्या स्पीडब्रेकरची उंची कियात काठीने गुपचूप मोजून आला होता. तेवढ्या विटा रचल्या, आणि आम्हा सगळ्यांसकट गाडी वरून गेली. विटा आणि गाडीचं पोट यांच्यामध्ये काडेपेटी मावेल एवढी जागा राहिली. खैरी खूश, कारण रिकामी असताना अडीच बोटं दिसत होती.

मागणीच्या दिवशी हाजी ओसरीवर कान देऊन उभे. खैरीने गाडी तिरकी घेतली, मी डोळे मिटून कलमा म्हणायला लागलो. आवाज नाही. आत गेलो, रीतीप्रमाणे मी कविता म्हणत मागणी घातली, हाजींनी मान हलवली, माक लोंगने हिदायूच्या बोटात अंगठी घातली. मग नारळाच्या दुधात आटवलेलं मांसाचं रेंदांग आलं, आणि आम्ही हात आखडला नाही.

आता बघा. मुलीकडचे परत देताना ताटं वाढवून देतात. पाच आली तर सात जातात. हे आमच्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण गॅरेजात ना खैरीला आठवलं, ना मला, आणि मापही घेतलं होतं उपाशी माणसांचं.

सात ताटं आणि वर एक पातेलं घेऊन निघालो, तर स्पीडब्रेकरच्या बरोबर मधोमध खर्र झालं आणि गाडी बसली.

"आवाज आला," हाजी म्हणाले.

"आला," मी म्हणालो.

"मी काय सांगितलं होतं?"

खैरीचा चेहरा त्याच्या लादीसारखा झाला. पडद्याआडून हिदायू डोकावत होती. ताटं उतरवावीत तर मुलीच्या अंगणात ताटं परत ठेवणं म्हणजे सोयरीक मोडणं. माणसं उतरवावीत तर हाजी म्हणतात, माझ्या फाटकात पाहुणे पायउतार झाले तर गाव काय म्हणेल. म्हणजे लग्न होईना, आणि आम्हाला जाताही येईना.

तेवढ्यात ओसरीवरून हिदायूची आई बोलली. "अहो हाजी, ही मंडळी आली तेव्हा आवाज आला होता?"

"नाही."

"मग हा कुणाच्या ताटांचा? डोडोलच्या हलव्याचं ते अख्खं पातेलं द्यायला मी सांगितलं होतं, का तुम्ही?"

हाजींनी पातेल्याकडे पाहिलं. "वजन आमचं होतं," ते म्हणाले. "मुलगी दिली."

"मग मी उतरते," माक लोंग म्हणाली आणि पातेल्यासकट उतरली.

चिखलातून म्हैस उठावी तशी गाडी उठली. हाजींचे डोळे विस्फारले. टोपी काढून ते उकिडवे बसले आणि खाली वाकून बघू लागले.

"ही वर कशी आली?"

"स्प्रिंग आहे ना, हाजी," खैरी म्हणाला.

"आणि मी बसलो तर?"

पुढच्या आठवड्यात कियात पुन्हा गाडीखाली, आणि मागच्या सीटवर हाजी. लग्नात नवरीला नेणारी हीच गाडी, आणि तिच्याशेजारी बसणार बाप, तेव्हा स्प्रिंगा त्यांच्या वजनावर ठरायच्या होत्या.

"तुम्ही बसल्यावर दोनच बोटं राहतात, हाजी," कियात म्हणाला. "उंच स्प्रिंगा घालू? निर्धास्त जाल."

हाजींनी खिडकीतून डोकं काढून आधी पुढच्या चाकाकडे पाहिलं, मग मागच्या.

"नको, दोनच ठेव," ते म्हणाले. "पाहुण्यांना फाटकाबाहेर उतरवू. चार पावलं चालले की जेवण चांगलं जातं."